बोडीवरचं जन्माचं कीर्तन

"धरू नको तिले, नुसता हात लाव," बाबा म्हणाले. "पोट पाहा कसं झालं हाये. लोण्यावानी."

मी पदर खोचून मांडीभर पाण्यात उभी होते. माझ्या थोरल्या भावाने, रूपचंददादाने, ती कटला माशाची मादी ओल्या गोणपाटाच्या झोळीत उचलून धरली होती. चांगली बाळसेदार होती. मी तिच्या पोटावरून तळवा फिरवला. पोट टम्म आणि मऊ. खवले असे चकचकीत की त्यांत आभाळ दिसावं. अंगावर कुठे डाग नाही, जखम नाही, ऊ तर औषधाला नाही.

"दिवस भरले हायेत जी हिचे," मी म्हणाले.

"भरणारच. माहेर कोनाचं हाये!" बाबा हसले आणि पाळीवर बसलेल्या बुधाजीकाकांकडे पाहून म्हणाले, "काय रे बुधा?"

बुधाजी मारबते म्हणजे बाबांचे मृदंगवाले. जन्मभराचे सोबती आणि जन्मभराचे टवाळ. तळहातावर तंबाखू मळत ते म्हणाले, "महाराज, खरं सांगू? हिचं पोट पाहून माझंच पोट खवळून राहिलं. रस्सा काय झाला असता हिचा!"

"तुझं पोट तुझ्या मृदंगापेक्षा मोठं हाये. दोन्ही आतून पोकळ."

"पोकळ हाये म्हणून तं वाजते. तुमचं कीर्तन माझ्याच पोकळीवर उभं हाये, विसरू नका."

पाण्यातले सगळेच हसले. झोळीतल्या मादीनेही शेपटी आपटली.

आमची बोडी भंडाऱ्याकडच्या एका लहानशा गावाबाहेर होती. बोडी म्हणजे मातीची पाळ घालून अडवलेला छोटा तलाव. आम्ही जातीचे ढीवर. बाबांचे आजे-पणजे सगळे जाळ्यावरच जगले आणि बाबांनी तरुणपणी गळ्यात तुळशीची माळ घातली. त्या दिवशी त्यांनी जाळं खांद्यावरून उतरवलं ते पुन्हा हाती धरलं नाही. ढिवराच्या पोराने मासळी सोडली म्हणून गावभर हसू झालं होतं. मग बाबांनी मासे मारायचे नाहीत, मासे जन्माला घालायचे, असं ठरवलं. बोडीत मोठ्या माद्या आणि नर सांभाळायचे, आषाढात त्यांना सुई देऊन अंड्यावर आणायचं आणि अंड्यातून निघालेली पिल्लं गावोगावच्या तलावांना द्यायची. नुकतं निघालेलं पिल्लू जिऱ्याएवढं असतं, म्हणून त्याला आमच्याकडे जिराच म्हणतात. पंचक्रोशीतल्या तलावांत पोहणारी मासळी म्हणजे बहुतेक बाबांचीच नातवंडं.

बुधाजीकाका त्यावरूनही सोडत नसत. "तुमी जन्माला घालता, आमी जेवतो. दोघं मिळून धंदा एकच की महाराज."

बाबा त्यावर कधी चिडले नाहीत. ते म्हणायचे, "जीव कधी न्यायचा ते वरच्याचं काम. आपल्याकडं बाळंतपणं. आपल्या हातून एक जरी जन्म अडला, तं मी माळ घालून कीर्तनाला उभा राहायच्या लायकीचा नाई. मंग मी बी तुझ्यासारखा मृदंग बडवत बसीन."

हे ते हसत हसत म्हणत, पण मी त्यांची मुलगी होते. लहानपणापासून त्यांच्या मागे टाळ घेऊन उभी राहत आले होते. ध्रुवपद उचलताना त्यांच्या पाठीवरून मला कळायचं, कुठे ते नुसतं बोलताहेत आणि कुठे देवाला सांगताहेत. हे ते देवाला सांगत होते.

दादाने मादी पाण्याखाली तिरकी धरली. बाबांनी सुई हातात घेतली, डोळे मिटून ओठ हलवले आणि पंखाच्या बुडाशी, खवला किंचित उचलून, औषध आत सोडलं. मी मूठभर तांदूळ आणि हळदकुंकू तिच्यापुढे पाण्यात सोडलं. ही ओटी. आई होती तोवर आई भरायची, तिच्यामागे मी. त्यासाठी दरवर्षी आषाढात सासरहून मला आणलं जायचं. सासूबाई म्हणायच्या, "जा बाई, तुझ्या मासोळ्यांचं डोहाळजेवण करून ये."

दिवस कलेपर्यंत एकेक करून सगळ्या माद्यांना आणि नरांना सुया दिल्या. पाण्यात खुंट रोवून त्यांना बारीक कापडाचे मोठे चौकोनी पाळणे बांधलेले होते. अशा पाळण्याला हापा म्हणतात. एकेका हाप्यात एक मादी आणि तिच्यासोबत नर सोडले. पहाटेपर्यंत त्यांचं काम होतं. सकाळी हाप्यात अंडी दिसतात आणि संध्याकाळी बोडीच्या पाळीवर जन्माचं कीर्तन.

त्या कीर्तनाबद्दल सांगायला हवं. बाबा कीर्तनं खूप करत, पण वर्षातलं हे एक त्यांचं स्वतःचं. पहिली अंडी पडली की त्याच संध्याकाळी ते पाळीवर उभे राहत आणि कृष्णजन्म लावत. आजूबाजूच्या गावांतून माणसं येत. पाळीवर चटया पसरत. समोर आंब्याच्या दोन खोडांमध्ये पाळणा बांधलेला. प्रत्येकाच्या मुठीत फुलांच्या पाकळ्या. बाबा बंदिशाळा उभी करत, कुलपं वाजवत, बाहेरचा पाऊस आणत, यमुना फुगवत, आणि जन्म झाला की बुधाजीकाकांची थाप, टाळांचा कडकडाट आणि पाकळ्यांचा पाऊस. अर्ध्या पाकळ्या वाऱ्याने पाण्यावर जात. त्या वेळी हाप्यांमध्ये खरोखर लाखो पिल्लं वळवळत असत. आई असताना ती पाळणा म्हणायची, तिने स्वतःच रचलेला: पाण्याच्या पोरा, पाण्यात नीज. देव आणि मासळी एकाच पाळण्यात घातल्याबद्दल एकदा एका मोठ्या गावच्या बुवांनी नाक मुरडलं होतं. बाबा त्यांच्या पाया पडले आणि पुढच्या वर्षी तसंच केलं.

मी मोठमोठ्या गवयांसारखे आवाज असलेल्या बुवांची कीर्तनं ऐकली आहेत. पण अंगावर काटा येतो तो अजून बाबांच्या त्या एका वाक्याला: देवकीच्या पोटी देव आला. इतकं साधं वाक्य. ते म्हणताना त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली येई. झोपलेल्या लेकराशेजारी बोलावं तसा.

त्या संध्याकाळी सगळं आटोपून आम्ही काठावर आलो तेव्हा बाबा पाण्याकडे बघत उभे होते. पाणी इतकं नितळ होतं की तळातला खडा दिसावा.

"आता जिरा धरून ठेवायला जागा पुरणार नाई बघ," ते दादाला म्हणाले.

दादा गोणपाटाची झोळी पिळत राहिला. आदल्या वर्षी जिरा फार थोडा निघाला होता. बाबांनी त्याचा दोष पावसावर घातला होता. पाऊस उशिरा आला होता हेही खरं.

सकाळी मी उठले तेव्हा बाबा अंथरुणात नव्हते. मी बोडीवर गेले तर ते पहिल्या हाप्याजवळ पाण्यात उभे होते आणि दादा दुसऱ्याजवळ. कोणी बोलत नव्हतं.

मला वाटलं, देव पावला. कारण दरवर्षी पहिली अंडी दिसली की बाबा असेच गप्प होतात.

मी पाण्यात उतरले. हाप्याचं कापड हळूच वर उचललं. चांगलं अंडं भिजवलेल्या साबुदाण्यासारखं असतं, काचेसारखं आरपार, आणि मध्ये एक बारीक ठिपका जो थोड्या वेळाने हलायला लागतो. माझ्या हातात आली ती ओंजळभरसुद्धा नव्हती, आणि होती ती खडूसारखी पांढरी. बोटाने दाबली तर पीठ झालं.

"दुसऱ्यात?" मी विचारलं.

"दुसरीनं तं टाकलीच नाई," दादा म्हणाला. "तिसरीनं बी नाई. तशीच हाये, पोट तसंच टम्म."

"टाकीन. उशीर लागते कधी कधी," बाबा म्हणाले. "पहिलटकरीन असीन."

त्या माद्यांपैकी एकही पहिलटकरीण नव्हती हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

शेवटच्या हाप्यातली मादी उताणी तरंगत होती. कालची तीच, जिच्या पोटावरून मी हात फिरवला होता.

न्याहारीच्या वेळेला मत्स्य विभागाच्या बोरघरे मॅडम आल्या. पहिल्या अंड्यांना त्या दरवर्षी येत, आणि आल्या की आधी चहा मागत. वयाने माझ्याएवढ्या, बाबांना बाबाच म्हणायच्या. त्या दिवशी पाळीवर गाडी लावून त्या उतरल्या आणि पाण्याकडे बघत तिथेच थांबल्या.

"बाबा, पाणी एवढं नितळ कसं?"

"स्वच्छ ठेवतो ना, माय. पाणी आन मन, दोन्ही असं पाहिजे."

"माशाचं पाणी जरा हिरवट हवं. त्यात त्यांचं बारीक खाणं असतं. इथं तर काहीच दिसत नाही." त्यांचं लक्ष आमच्या चेहऱ्यांकडे गेलं. "काय झालं?"

दादाने त्यांना ती पांढरी अंडी दाखवली. मग मेलेली मादी. मॅडम खाली बसल्या, पिशवीतून बारीक सुरी काढली आणि बाबांकडे पाहिलं. बाबा लगेच वळले आणि पाठ करून उभे राहिले. चिरताना बघणं त्यांना जमत नसे.

पोटातून आधी पाणी आलं. पिवळट, चिकट. अंड्यांची भरलेली गाबोळी असायला हवी तिथे करडे गठ्ठे होते, शिळ्या बुंदीच्या लाडवासारखे, काही काळपट, काही विरघळलेले. काल मी लोण्यासारखं म्हणून ज्यावरून हात फिरवला ते हे होतं.

"औषध कोणतं घालता?" मॅडमनी विचारलं.

दादाने खोपटातून बाटली आणली आणि मोरचुदाचा डबा आणला. "हे उवांसाठी. मोरचूद शेवाळाला."

"हे मीच सांगितलं होतं. तुमच्याकडे ऊ पडली होती तेव्हा."

"हाव ना मॅडम."

ते खरं होतं. काही वर्षांपूर्वी सगळ्याच बोड्यांत ऊ पडली होती. चपटी, पारदर्शक ऊ. माशाच्या खवल्यांत घुसून रक्त पिते. मासे खुंटांना अंग घासून घासून सोलवटले होते. बाकीच्यांनी सगळी मासळी ओढून विकली, बोडी आटवली, तळाला चुना टाकला, उन्हाळाभर भेगा पडू दिल्या आणि पुन्हा नवी सुरुवात केली. बाबांना सगळ्यांनी तेच सांगितलं. बाबा म्हणाले, "आजारी हायेत म्हणून आईले विकते काय कोनी?" त्यांनी औषध आणलं. बाटली ओतताना ते उवांचीसुद्धा क्षमा मागत, आणि बुधाजीकाका म्हणत, "ऊ बी माळकरी झाली असती महाराज, तुमी वेळच दिला नाई तिले."

"मी तेव्हा एकदाच घालायला सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "फार तर आणखी एकदा, आठवड्याने. त्यानंतर घातलं का कधी?"

"घातलं ना. नेमानं घातलं," बाबा म्हणाले. ते अजून पाठ करूनच उभे होते.

"नेमानं म्हणजे?"

"एकादशीला. त्या दिवशी त्यांनाबी उपासच असते आमच्याकडं, खाणं टाकत नाई आमी. उपाशी पोटी दवा चांगली लागू होते."

"कोणत्या एकादशीला? आषाढी?"

बाबा वळले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "एकादशी का निवडून करत असते कोनी, माय? सगळ्या."

मॅडमनी सुरी गवतावर पुसली. बराच वेळ पुसत राहिल्या.

"दर पंधरवड्याला," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून."

"एक चुकली नाई," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता. मला तो आवाज आजही ऐकू येतो.

मग मॅडमनी सांगितलं. हळू सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. ते औषध उवांना मारतं, मोठ्या माशाला मारत नाही, म्हणून वाटतं की माशाला काही होत नाही. पण ते जात नाही. गाळात बसतं, माशाच्या चरबीत बसतं, काळजात बसतं. मोरचूदही तसंच. मासा दिसायला धडधाकट राहतो, खातो, वाढतो, चकाकतो. फक्त अंडं पिकत नाही, आतल्या आत सडतं. नराचं दूध, म्हणजे बीज, पाण्यासारखं होतं. मागच्या वर्षी जिरा कमी निघाला तो पावसामुळे नाही.

"उतारा काय?" बाबांनी विचारलं.

"बोडीला आहे. पाणी काढायचं, वरचा गाळ उपसून टाकायचा, चुना, आणि एक पूर्ण उन्हाळा."

"बोडीचं नाई विचारलं. यांचं."

मॅडमनी सुरी पिशवीत ठेवली.

"चांगल्या पाण्यात ठेवलं तं? वर्षभर? दोन वर्षं?"

"बाबा, तुम्हाला खोटी आशा देऊन मी काय मिळवू?" त्यांचे डोळे भरले होते. "आणि हे मासे कोणाला खायलाही देऊ नका. पुरावे लागतील. पोटं उघडून बघावी लागतील सगळ्यांची, मला वर कळवायचंय."

बाबा म्हणाले, "तुमी चहा घेतला नाई अजून." आणि खोपटात जाऊन स्वतः चूल फुंकायला लागले.

दुपारी दादा म्हणाला, "गावोगाव निरोप धाडतो, आज कीर्तन नाई म्हणून."

"काहून?" बाबा म्हणाले. "कीर्तन देवाचं हाये, मासोळीचं नाई. लोकं निंगाले असतील."

"बाबा, जन्म लावायचा अन् इथं..."

"मी पाहतो ना काय लावायचं ते."

त्यांनी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, कपाळी बुक्का लावला. मी पाळणा बांधला. नको म्हणायला माझी जीभ उचलली नाही. दिवस मावळायच्या आधीच पाळ भरून गेली. बायका लेकरं घेऊन आल्या होत्या. एका नवी बाळंतीण झालेल्या पोरीला तिच्या सासूने मुद्दाम पुढे बसवलं होतं, बाळासकट. कोणाला काही माहीत नव्हतं. बुधाजीकाकांना मात्र मी सांगितलं होतं. त्यांनी त्या दिवशी एकही टवाळी केली नाही. मृदंगाला कणीक लावत मान खाली घालून बसून राहिले.

कीर्तन इतकं सुंदर उभं राहिलं की मी सगळं विसरले. खरंच विसरले. बाबांचा आवाज त्या दिवशी ओला होता आणि चाल अशी लागली होती की मागे टाळ धरताना मला माझे हात जाणवत नव्हते. वसुदेव-देवकीची वरात निघाली. आकाशवाणी झाली. कंसाने केसाला धरून तिला रथातून खाली ओढलं. एकेक मूल जन्मत गेलं आणि एकेक शिळेवर आपटलं गेलं, आणि दरवेळी बाबा थांबून नुसतं म्हणायचे, "माय होती ती." बायका पदराने डोळे पुसत होत्या.

मग आठवा महिना, नववा महिना. बंदिशाळेत अंधार. कुलपं. बाहेर पाऊस. बुधाजीकाकांची बोटं कातड्यावर नुसती फिरत होती, पाऊस पडावा तशी. लोकांच्या मुठी वळल्या. पुढच्या त्या बाळंतिणीने बाळाला डाव्या खांद्यावर घेतलं, उजव्या मुठीत पाकळ्या घेतल्या. मी पाळण्याची दोरी धरली.

"देवकीच्या पोटी..." बाबा म्हणाले आणि थांबले.

लोकांना वाटलं, आवंढा आला. काही वेळा येतो. त्याचीही गोडी असते. बुधाजीकाकांनी पाऊस चालू ठेवला.

"देवकीच्या पोटी..."

त्यांनी मान वळवून पाण्याकडे पाहिलं. हापे तसेच बांधलेले होते. रिकामं कापड वाऱ्याने हलत होतं.

मग ते लोकांकडे वळले. आवाज अगदी साधा झाला, चावडीवर बसून विचारावं तसा. "कंसानं लेकरं मारली. पन जन्मल्यावर मारली. म्हंजे जन्मू तं दिलं त्यानं. त्यांनी माईचं तोंड पाहिलं, उजेड पाहिला." मग जरा थांबून, "ज्यानं जन्मूच दिलं नाई, असा कोन हाये, माहीत हाये का तुमाले?"

एका म्हातारीने देवाचं नाव घेतलं.

"तो मी," बाबा म्हणाले.

त्यांनी हात जोडले, खाली वाकून पाळीच्या मातीवर डोकं टेकलं आणि उठून खोपटाकडे चालायला लागले. बुधाजीकाकांनी सावरायला म्हणून जोरात थाप मारून नामाचा गजर धरला. मी टाळ उचलले. तिसरा आवाज आलाच नाही. आम्ही दोघंच थोडा वेळ वाजवत राहिलो आणि मग आम्हीही थांबलो. माणसं कधी उठली, कशी पांगली, मला आठवत नाही. एवढं आठवतं की त्या बाळंतिणीला मूठ उघडावी की नाही ते कळत नव्हतं, आणि ती सासूकडे बघत होती.

त्या वर्षी आमच्या बोडीवर देव जन्मला नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाबांना ताप आला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या ते मुकाट्याने घेत. बोलत मात्र नव्हते. खिडकीतून बोडी दिसायची म्हणून त्यांनी खाट फिरवून घेतली, पाठ बोडीकडे येईल अशी. बुधाजीकाका रोज येऊन खाटेजवळ बसायचे. एकदा म्हणाले, "महाराज, उठा. मी मासोळी सोडतो, तुमी ताप सोडा." बाबा हसलेसुद्धा नाहीत.

मॅडमचा निरोप आला की पाऊस वाढायच्या आत बोडी रिकामी करा, नाही तर भरून ओसंडली की हे पाणी खालच्या तलावात जाईल. खाली तीन गावांची मासळी होती. थांबता येत नव्हतं. दादाने माणसं बोलावली आणि जाळं ओढलं. बाबांना काही सांगितलं नाही, पण ढिवराच्या घरात जन्मलेल्या माणसाला जाळ्याचा आवाज सांगावा लागत नाही. पाणी कापत येणारी दोरी, मग माशांची ती तडफड, काठावर आपटणाऱ्या शेपट्या. मी खाटेजवळ बसले होते. बाबांनी डोळे मिटलेले होते आणि पापण्या प्रत्येक आवाजाला हलत होत्या.

पाळीमागे खड्डा खणला होता. पुरण्याआधी दादाने मॅडमच्या सांगण्याप्रमाणे एकेकीचं पोट उघडलं. मी मध्येच जाऊन पाहून आले. सगळ्या तशाच. पाणी आणि करडे गठ्ठे. एकीच्याही पोटात एक जिवंत दाणा नव्हता. दादा चिरत होता आणि रडत होता आणि बाहीने नाक पुसत होता. वर चुना टाकला, माती लोटली.

तो हातपाय धुऊन आत आला तेव्हा बाबांनी डोळे उघडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून हाक मारली.

"रूपचंद."

"काय जी बाबा?"

"सगळ्या काढल्या?"

"हाव."

"पोटं पाहिली?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. "पाहिली."

बाबा कोपरावर उठायला लागले. मी मागून आधार दिला. त्यांचं अंग तव्यासारखं तापलं होतं. "त्या एकीचं जाऊ दे. ती मॅडमनं पाहिली ती. बाकीच्यांच्या पोटात काय होतं? एखादीच्या तरी?"

माझा भाऊ मनाचा हळवा. बाबांच्या चेहऱ्यावरची ती आशा त्याला बघवली नाही. मीही तिथेच होते. मला वाटलं, बोलू दे त्याला, काय बिघडतं. त्याने खाटेशेजारी बसून बाबांचा हात हातात घेतला.

"होती बाबा. गाबोळी होती. तिघी-चौघींच्या पोटात तं भरगच्च होती. पिवळी धमक."

बाबांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. मी इतक्या दिवसांत तो तसा पाहिला नव्हता. "पिवळी?"

"सोन्यावानी."

"म्हंजे सगळ्या वांझ नव्हत्या झाल्या."

"नाई ना बाबा. तेच तं सांगून राहिलो."

बाबांनी मान हलवली. दोनदा हलवली. मग ती हलायची थांबली. त्यांनी दादाच्या हातातून आपला हात सावकाश काढून घेतला आणि त्याच्या बोटांकडे बघत राहिले. नखांच्या कडांना अजून चुना होता.

"पोटुशी होत्या," ते म्हणाले. "आन तू त्यायले कापलं?"

"बाबा..." दादा चटकन म्हणाला, "बाबा, नाई, मी खोटं..."

आणि तो तिथेच थांबला, कारण खरं काय ते त्याच्या तोंडाशी आलं होतं.

बाबा त्याच्याकडे बघत वाट पाहत होते.